सरांचं मत काय होतं

परवा एक कादंबरी वाचून संपवली आणि इतका राग आला की पुस्तक टेबलावर आपटलं, चप्पल घातली, फाटकाबाहेर पडलो, डावीकडे वळलो आणि मग थांबलो. डावीकडे सरांचं घर आहे. घराला कुलूप होतं. रविवार सोडला तर आता ते नेहमीच असतं.

लेखकानं एका बाईला तीनशे पानं विहिरीचं पाणी भरायला लावलं होतं आणि शेवटच्या पानावर त्याच विहिरीत ढकलून दिलं होतं. पुढं काय लिहावं ते सुचेना म्हणून बाई मारायची, ही कुठली पद्धत? हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण गेलं नसतं. घरी परत येऊन फोनवरच्या एका वाचकांच्या ग्रुपवर सगळा राग लिहून टाकला. थोड्या वेळानं खाली तीन-चार अंगठे आले, दोन जोडलेले हात आले, आणि कुणीतरी लिहिलं, 'खूप छान.' छान काय छान? अरे, भांडा ना माझ्याशी. मी चिडून फोन बंद केला आणि गार झालेलं वरण तसंच खाल्लं.

तेलंगणातल्या आमच्या आदिलाबादेत मराठी पुस्तकं वाचणारे पूर्वीही फार नव्हते. आमच्या कॉलनीत तर दोनच, सर आणि मी. सर मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवायचे, मी तहसीलीत कारकून होतो. आमच्या दोघांचे बाप तामसीकडच्या एकाच गावात दुसऱ्याच्या शेतात राबले. आम्ही दोघं शिकलो, नोकरीला लागलो आणि शहरात एकमेकांच्या जवळ घरं बांधली. दरवर्षी दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचो, तिथल्या स्टॉलवरून पिशव्या भरून पुस्तकं आणायचो आणि वर्षभर अदलाबदल करून वाचायचो. रविवारी विहारातली वंदना आटोपली की सर माझ्या ओसरीवर येऊन बसायचे. मग मतं.

नियम एकच होता. 'चांगलं आहे' एवढंच म्हणून सुटायचं नाही. चांगलं असेल तर कुठल्या पानावर आहे ते उघडून दाखवायचं, वाईट असेल तर काय असायला हवं होतं ते सांगायचं. माझी मतं दरखास्तीसारखी, मुद्दा एक, मुद्दा दोन. सर मात्र बोलायला लागले की थांबायचे नाहीत. हातवारे करायचे, पात्रांचे आवाज काढायचे, चहा निवून जायचा. शेजारची बाई एकदा माझ्या बायकोला म्हणाली, "तुमच्या घरी रविवारी भांडण होते काय वो?" बायको म्हणाली, "भांडण नाई, पुस्तक हाय."

एका जाडजूड ऐतिहासिक कादंबरीवरून आमचं महिनाभर वाजलं. मला ती फार आवडली होती. तलवारी, घोडे, निष्ठा, सगळं कसं भरभरून. सर म्हणाले, "हा राजा लढायच्या आधी चार-चार पानं बोलते. इतक्यात दुश्मन जेवून, हात धुवून, एक झोप काढून येईन." मी म्हणालो, "ते भाषण नाही, ते ध्येय आहे." सर म्हणाले, "ध्येय असन तर एका ओळीत सांग ना बाप्पा." मी रागावून आत निघून गेलो होतो. घर माझं, आणि आत निघून गेलो मी. सर ओसरीवर एकटेच हसत बसले होते.

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. हृदय आधीच दमलं होतं, दवाखान्यात काही आठवडे राहिले आणि तिथंच संपले. बायको फार आधी गेलेली, मागे एकच मुलगी. ती नार्नूरच्या सरकारी शाळेत गणित शिकवते, आठवडाभर तिथं खोली करून राहते आणि शनिवारच्या बसनं आदिलाबादला येते. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तिनं आमच्याकडच्या पद्धतीप्रमाणे वडिलांच्या नावानं दान दिलं. लोकांनीच सुचवलं होतं की सर वाचणारे होते, पुस्तकंच द्या विहाराला. तिनं घरातलं एकूण एक पुस्तक दिलं. टाळ्या वाजल्या. त्या ढिगात माझीही पुस्तकं होती, सरांनी वाचायला नेलेली, पण अशा वेळी उठून 'ते माझं आहे' असं कोण म्हणणार? सगळी पुस्तकं विहारातल्या लोखंडी कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली समितीच्या सचिवाच्या खिशात गेली. तेव्हापासून ते कपाट कुणी उघडल्याचं मी पाहिलं नाही. त्यावर पाण्याचा माठ ठेवतात.

पावसाळा सरत आला तेव्हा एका रविवारी सरांची मुलगी माझ्या ओसरीच्या पायरीवर येऊन उभी राहिली. मला वाटलं, पेन्शनच्या कागदांचं काही असेल. ती म्हणाली, "काका, बाबा तुमच्याशी काय बोलत होते?"

मी म्हणालो, "पुस्तकांचं."

"ते माहीत हाय. पण काय?"

तीच पुढं बोलू लागली. घरातली पुस्तकं गेल्यावर भिंत उघडी पडली होती, रिकाम्या फळ्यांकडे बघून तिला झोप लागत नव्हती. आपण काय देऊन टाकलं तेच आपल्याला माहीत नाही, असं तिला वाटत होतं. "मी एकबी वाचलं नाई काका. मले येतच नाई तसली मराठी."

हे समजायला इथलं असावं लागतं. सर जन्मभर मराठी शाळेत शिकवत होते, पण मुलीला पहिलीपासून तेलुगू माध्यमात घातलं. तेव्हा कॉलनीत कुजबुज झाली. मीही तोंडावर विचारलं. सर म्हणाले, "माह्या नोकरीले मराठी पुरली. तिच्या नोकरीले पुरणार नाई." त्यांचं खरंच झालं. त्यांच्या शाळेत पोरं कमी होत गेली, शेवटी ती दुसऱ्या शाळेत मिसळली, आणि मुलीला मात्र पहिल्या फटक्यात नोकरी लागली. घरी ती आपलीच बोली बोलायची, आम्ही इथले सगळे बोलतो तशी. जेवण, ताप, बस, फी, याला ती बोली पुरते. पुस्तकाची मराठी तिच्यासाठी परकीच राहिली. शाळेत हिंदी शिकल्यामुळं अक्षरं तेवढी ओळखता यायची.

तर मी तिला सरांची मतं सांगायला लागलो. दर रविवारी एक पुस्तक. आधी पुस्तकात काय आहे ते, मग मी काय म्हणालो, मग सर काय म्हणाले. राजाच्या भाषणाचं सांगितलं तेव्हा ती मोठ्यानं हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. म्हणाली, "बाबा असं बोलत व्हते?" मी म्हणालो, "याहून वाईट बोलायचे." तिचा विश्वास बसेना. सरांसारखे हातवारे करून दाखवले तर ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली.

दुसऱ्या एका रविवारी मी एका आत्मचरित्राचं सांगितलं. मजुराच्या पोटी जन्मून साहेब झालेल्या माणसाचं होतं. मला ते वाचताना भरून आलं होतं, आपलीच गोष्ट वाटली होती. सरांना पटलं नव्हतं. ते म्हणाले होते, "याच्या पुस्तकात माय निस्ती रडते. पहिल्या पानावर रडते, शेवटच्या पानावर रडते. अरे, हासत नव्हती काय थे कधी? माही माय दिवसभर निंदण करून यायची आन् रात्री आमाले नकला करून दाखवायची मालकाच्या. गरिबाची माय म्हणजे काय रडायची मशीन हाय?" हे सांगून मी थांबलो. ती खाली मान घालून बसली होती. "आजी नकला करायची, हे मले माहीतच नाई," ती म्हणाली.

मला तेव्हा बरं वाटलं, हे कबूल करतो. कुणीतरी ऐकत होतं. सर गेल्यापासून रविवार माझ्या अंगावर यायचा, तो आता थोडा हलका झाला होता. पण प्रत्येक रविवारी ती उठून गेली की मी आणखीच उदास व्हायचो. ती सरांना माझ्याकडून तुकड्यातुकड्यानं घेत होती आणि माझ्याजवळचे तुकडे संपत चालले होते. माणूस गेल्यावर त्याची नवी मतं कुठून आणणार?

शिवाय एक पुस्तक मी मुद्दाम मागं ठेवलं होतं.

निळ्या कव्हरची एक शहरातली कादंबरी. एक म्हातारा माणूस, बायको मेलेली, मुलगी नोकरी करणारी. दोघं एका फ्लॅटमध्ये राहतात. म्हातारा उठतो, खिडकीशी जातो, परत येतो, बसतो. मग पुन्हा खिडकीशी जातो. शंभर पानं झाली तरी माणूस जिना उतरत नाही. मुलगी पुस्तकात एकदाच येते. दारात उभी राहून 'जेवलात का?' विचारते आणि निघून जाते. मी सरांना म्हणालो होतो, "हे छापायला कागद दिला कुणी?" सर नेहमीसारखे तुटून पडतील असं वाटलं होतं. पण त्यांनी पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं. मग म्हणाले, "यानं बराबर पकडलं. घरात माणूस असून बोलाले कोणी नसते, थे यानं पकडलं." मी म्हणालो, "पण काही घडत नाही ना." सर म्हणाले, "माह्या घरी तरी काय घडून राह्यलं?"

त्यानंतर ते जे बोलले ते मी कुणाला सांगणार नव्हतो, आणि त्यांच्या मुलीला तर नाहीच नाही. बाप मेल्यावर पोरीला असलं काही ऐकवायचं नसतं. मी चिडखोर आहे, दगड नाही.

दिवाळीच्या सुमाराला तिनंच विषय काढला. "दवाखान्यात बाबांच्या उशाशी एक पुस्तक व्हतं. निळ्या कव्हरचं. ते तुमी सांगितलंच नाई."

"ते टाकाऊ आहे," मी म्हणालो. "त्यात काही नाही."

"मग बाबा दोनदा काऊन वाचून राह्यले व्हते?"

मी चहा आणायला आत गेलो आणि उगाचच वेळ लावला. बाहेर आलो तेव्हा ती निघून गेली होती. पुढच्या रविवारी ती आली ती पुस्तक घेऊनच. सचिवाच्या घरी जाऊन किल्ली मागून, माठ उतरवून तिनं कपाट उघडायला लावलं होतं. सचिव म्हणाला म्हणे, 'दान केलेलं परत नेत नसतात.' तिनं त्याला सांगितलं, 'परत नाई नेत, वाचाले नेतो. वाचाले नसन तर मंग दान घेता कायले?' हे ऐकून मला फार आनंद झाला. हा सूर मी ओळखत होतो.

मग तिनं वाचायला सुरुवात केली. नार्नूरच्या खोलीवर शाळा सुटल्यावर वाचायची, हिंदीच्या सवयीनं अक्षर अक्षर लावत. रविवारी अडलेले शब्द विचारायला यायची. "काका, 'विमनस्क' म्हणजे?" मी सांगायचो, मन ठिकाणावर नसलेला. "'निरवानिरव'?" जायच्या आधी सगळं आवरून ठेवणं. "'अबोला'?" मी म्हणालो, हा तर सोपा आहे, बोलणं बंद करणं. ती म्हणाली, "भांडण झाल्यावर ना?" मी म्हणालो, "बहुतेक वेळा भांडण झाल्यावर." तिनं पुस्तक मिटलं.

"हे सगळे शब्द बाबांले येत व्हते?"

"येत होते."

"घरी एकबी बोलले नाई," ती म्हणाली.

मला सरांचा राग आला. माझ्या ओसरीवर हा माणूस धो-धो बोलायचा आणि घरी जाऊन मुलीला भाजी कशी झाली तेवढं सांगायचा. मग स्वतःचाही राग आला, कारण त्यांचं सगळं बोलणं ऐकायला मीच होतो. मी नसतो तर कदाचित त्यांनी घरी तोंड उघडलं असतं. ती समजली नसती, त्यांनी समजावलं असतं, थोडं इकडं थोडं तिकडं होऊन काहीतरी जमलं असतं. पण माझी ओसरी जवळ होती आणि सोपी होती.

थंडी पडली तेव्हा तिचं पुस्तक वाचून संपलं. त्या सकाळी ती आली आणि सरळ म्हणाली, "झालं. आता सांगा. बाबांचं मत काय व्हतं?"

मी म्हणालो, "बेटा, ते जाऊ दे. लोक बोलण्याच्या भरात काहीही बोलतात."

"काका, तुमी सगळ्या पुस्तकाचं सांगितलं आन् ह्याचंच नाई. म्हणजे माह्याबद्दल हाय ते." तिचा आवाज चढला नव्हता. "वाईट असन तरी सांगा. न सांगितलं तर मी त्याच्याहून वाईट धरून चालीन."

ते खरं होतं. तिचे डोळे सुजलेले होते, म्हणजे तिनं रात्री काय काय धरून पाहिलं असेल ते दिसतच होतं. बाप आपल्यावर रागावून गेला की काय, एवढं एकच तिला कळायला हवं होतं, आणि ते सांगू शकणारा माणूस जगात मी एकटाच उरलो होतो. माझी बायको दारात येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे बघून तिनं मान हलवली. सांगा म्हणून की नको म्हणून, ते मला कळलं नाही.

मी सांगितलं. सर म्हणाले होते त्याच शब्दांत सांगितलं, नाहीतर ते त्यांचं मत राहिलं नसतं. "या पुस्तकातल्या बुढ्याले रडायचा हक नाई. पोरीनं पुढं जावं म्हणून दरवाजा कोणं उघडला? यानंच. थे पुढं गेली. आता इथं खिडकीत बसून कायले रडून राह्यला? म्याबी तेच केलं. माही पोरगी माह्या पुस्तकातली एक ओळ वाचू शकत नाई, आन् थे तिची चूक नाई. म्या तिले अशा गावात पाठवलं जिथं मले जाता येत नाई. मंग आता गप बसलं पाहिजे." एवढं बोलून सरांनी चष्मा काढून पुसला होता, आणि रडायचा हक्क नाही असं म्हणणारा तो माणूस माझ्यासमोर रडला होता. तेही मी सांगितलं.

बाहेर रस्त्यावरून कापसाची गाडी गेली. मला वाटलं ती रडेल, आणि मी बायकोला हाक मारायच्या बेतात होतो. पण तिनं पुस्तक उघडलं. पानं चाळून ती एका जागी थांबली आणि पुस्तक माझ्यापुढं धरलं. मुलगी दारात येऊन 'जेवलात का?' विचारते ते पान होतं.

"बाबांचं चुकलं," ती म्हणाली.

मी पानावर वाकलो.

"त्यायनं निस्तं बुढ्याचं पाह्यलं. हे पाहा, थे पोरगी दारात येऊन इचारते, जेवले काय? बुढा 'हो' म्हणते आन् खिडकीकडं पाहते. मंग थे जाते. कुठी गेली? आपल्या खोलीत गेली ना. तिथं बसून काय करते, हे लिवणाऱ्यानंबी लिवलं नाई आन् बाबानंबी इचारलं नाई. तिलेबी दुसरं बोलाले येत नसन. जेवले काय, एवढंच तिले येते, म्हणून थे तेवढं तरी येऊन इचारते." ती थांबली. "थेबी एकटीच होती काका. त्याच घरात."

इतकी वर्षं मी मतं ऐकली आणि दिली, पण पानावर बोट ठेवून इतकं नेमकं मत मी ऐकलं नव्हतं. सर असते तर खुर्चीवरून उठले असते. वाद घातला असता, मग हरले असते, आणि हरून इतके खूश झाले असते की सगळ्या कॉलनीला ऐकू गेलं असतं. ते मत त्यांच्यासाठी होतं. ते ऐकायला मी बसलो होतो.